साळवेबाईंचा पडदा

बाईंनी कापसाचा बोळा जिभेवर फिरवून ओला केला आणि त्या शंभरावर वर्षं जुन्या काचेवर हळूहळू घासायला लागल्या. मी हातातला वेल्डिंगचा रॉड तसाच धरून उभा राहिलो. आदल्या दिवशी याच बाईंनी मला बजावलं होतं, की ही काच जगात परत कुणी बनवणार नाही, तिच्याजवळ शिंकायचंसुद्धा नाही.

"बाई, थुंकी?"

"मग काय, तुझं थिनर लावू?" मान वर न करता त्या म्हणाल्या. "समुद्राचा खार आणि दिव्याची काजळी थुंकीनं निघती, काचेला इजा होत नाय. जगभर असंच करत्यात. फक्त तंबाखूची थुंकी चालत नाय, म्हणून तुला बोलावलं नाय."

माझ्या शेडमधली पोरं फिदीफिदी हसली. मी तंबाखूची पुडी खिशात टाकली आणि रॉड घेऊन माझ्या कामाला लागलो. राग आला होता असं नाही, पण डोकं बधिर झालं होतं. सुमन साळवे नावाच्या बाईनं मला असं बधिर करायची ती काही पहिली वेळ नव्हती, शेवटची तर नाहीच नाही.

माझं नाव उत्तम, शेंद्र्याला फॅब्रिकेशनचा धंदा. गेट, ग्रील, कंपन्यांचे रॅक, ट्रॉल्या. आमची जमीन एमआयडीसीत गेली, तिच्याच कडेला उरलेल्या तुकड्यावर मी शेड टाकली. दीपगृह ही चीज मी फक्त कॅलेंडरवर पाहिलेली. आमच्यापासून समुद्र म्हणजे रात्रभराचा प्रवास. आणि एका दुपारी पायात कॅनव्हासचे बूट, अंगावर सुती साडी, खांद्याला झोळी अशी एक म्हातारी शेडमध्ये शिरली आणि म्हणाली, "काचेचं एक जड तावदान ठेवायचंय. हवं तसं तिरकं करता येईल असा स्टँड करशील का?"

"कशासाठी पाहिजे?"

"दीपगृहासाठी."

मी हसलो. शेंद्र्यात दीपगृह म्हटल्यावर माणूस हसणारच. बाई माझं हसू संपायची वाट बघत थांबल्या आणि म्हणाल्या, "हसून झालं असंल तर माप घे."

बाई मूळच्या आमच्या शहरातल्या लष्करी छावणीतल्या. वडील तिथल्या एका मेसमध्ये माळी होते. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलंय, तेव्हा शाळा सोडायचं नाव काढायचं नाही, एवढा एकच कायदा घरात होता. बाई फिजिक्स शिकल्या, दीपगृहांच्या सरकारी वर्कशॉपात मुंबईला नोकरीला लागल्या, आणि सगळी हयात किनाऱ्यावरची भिंगं दुरुस्त करण्यात घालवून निवृत्त झाल्यावर परत छावणीत येऊन राहिल्या. तोवर दीपगृहांत एलईडीचे दिवे आले होते. जुनी भिंगं उतरवली जात होती. कुठलं भंगारात जायचं, कुठलं साहेबांच्या बंगल्यात शोभेला. ते ऐकवेना म्हणून बाई पेन्शनीत बसूनही कामाला लागल्या. दीपगृहांच्या कार्यालयाच्या मागं लागून लागून त्यांनी कोकणातल्या एका बेटावरच्या दीपगृहाचं भिंग दुरुस्तीला मिळवलं.

ते इथं कशाला आणायचं, तिथंच का नाही करायचं, हे मी विचारलंच. बाई म्हणाल्या, "तिथं हवेत मीठ. लोलकाभोवती भरलेली लांबी, म्हंजे पुट्टी, महिना महिना वाळत नाय, पितळ रात्रीत हिरवं पडतं. इथली हवा बघ, ओठ फुटत्यात. ह्या भिंगाला तेच पाहिजे." लोलक म्हणजे काचेच्या त्या तिरक्या पट्ट्या. अशा कितीतरी पट्ट्या पितळेच्या चौकटीत बसवल्या की एक तावदान होतं. संत्र्याच्या फाका गोल लागाव्यात तशी आठ तावदानं लागली की मधल्या दिव्याभोवती भिंग पुरं होतं. बाई तावदानाला फाकच म्हणायच्या.

आणि आता ऐका, ह्या बाईंना समुद्र आवडत नव्हता. मला वाटलं गंमत करायलेत. पण नाही. होडीत बसलं की त्यांना उलटी व्हायची. मासळीचा वास सोसायचा नाही. झोळीत कायम लिंबाच्या लोणच्याची डबी, कुठल्या बेटावर जायचं तर ती चाटत जायच्या. "लई बडबड करतो समुद्र," त्या म्हणायच्या. "रात्रंदिवस त्याचं चालूच. माणसानं मधी बोलायचं कधी?" अख्खी नोकरी समुद्रावर काढलेली बाई असं म्हणते, ह्याला काय म्हणावं? मी विचारलं, मग केली कशाला ही नोकरी? तर म्हणाल्या, "मिळाली म्हणून केली. पयल्या दिवशी मनोऱ्यात भिंगाच्या आत जाऊन उभी राहिले, मग सोडली नाय."

स्टँडचं माप द्यायला एकदा भर दुपारी त्यांच्या घरी गेलो. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि घरात काळोख. खिडक्यांना जाड खाकी पडदे, टोकापासून टोकापर्यंत ओढलेले. मला कागद दिसेना म्हणून मी एक पडदा जरा सरकवला.

"हात काढ."

आवाज असा, की माझा हात भाजल्यासारखा मागं आला. आतून बाई आल्या, पडदा परत नीट ओढला, कडा चाचपून बघितली, मग म्हणाल्या, "चहा घेणार?"

शेजारच्या सुभेदारीणबाई मला नंतर कुजबुजत म्हणाल्या, ह्या बाईचं सगळं उलटंय. दिवसभर पडदे लावून बसती, अन् अंधार पडला की सगळे उघडती. काही करणीबिरणी तर नसेल? खरी गोष्ट बाईंनी सांगितली तेव्हा मी गार पडलो. भिंग रात्री आतल्या इवल्याशा दिव्याचा उजेड गोळा करून लांब समुद्रावर फेकतं. पण दिवसा तेच भिंग बाहेरचं ऊन गोळा करून आत ओढतं. मनोऱ्यात लाकूड असेल, चिंधी असेल, तेलाचा डबा असेल, जिथं ऊन एकवटेल तिथं पेट घेतं. म्हणून सूर्य उगवला की दीपगृहातला माणूस चहाच्याही आधी मनोऱ्यातले पडदे ओढतो, आणि मावळला की उघडतो. बाईंच्या अंगात ते इतकं भिनलं होतं की घरात भिंग नसलं तरी हात आपोआप पडद्याला जायचे.

शहागंजच्या बाजारात भिंगाभोवती लावायच्या पडद्याचं कापड घ्यायला आम्ही दोघं गेलो, त्या दिवशी तर मला वाटलं आता मार खातो. दुकानदारानं थानामागून थानं उलगडली. बाई प्रत्येक कापडाचं टोक धरून दुकानाच्या पायरीवर उन्हात नेत. मग झोळीतून हातात मावेल एवढं एक भिंग काढलं आणि ऊन त्या कापडावर धरलं. कापडातून धुराची बारीक रेघ निघाली. दुकानदार गल्ल्यावरनं उडी मारून आला.

"क्या कर रै अम्मा? दुकान जलाते क्या?"

"तुमारा कपडा जलता क्या देखरी मैं," बाई अगदी शांत. "जलता. दुसरा दिखाव."

भोक पडलेल्या कापडावरून पुढं जे झालं ते मी इथं सांगत नाही. दुकानदार बाईंना काय काय बोलला, बाई त्याला काय बोलल्या. गर्दी जमली. शेवटी आतल्या गोदामातून त्यानंच जाड विणीचं एक खाकी थान आणलं, स्वतः उन्हात धरलं, आणि बाईंच्या हातातलं भिंग मागून घेऊन स्वतःच बघायला लागला. कापड धुरलं नाही. दुकानदार पोराला म्हणाला, अम्मा के वास्ते चाय बोल. मी तोपर्यंत घामानं भिजलो होतो.

आषाढात भिंग ट्रकनं आलं. एकेक फाक माझ्या शेडमध्ये उतरली. पहिलं खोकं उघडलं तेव्हा आमची माय गावातनं मुद्दाम बघायला आली होती. मायचं वय झालेलं, पाठीत वाकलेली, डोळ्याला मोतीबिंदूची जाड काच. तिनं त्या लोलकांत डोकावलं आणि लगेच मागं सरली.

"बाई, ह्याच्यात मी उलटी दिसायले. अन् एक न्हाय, किती तरी."

"अक्का, सगळ्या तुम्हीच हायत," बाई म्हणाल्या. तेव्हापासून त्या दोघींचं जे जमलं ते काही विचारू नका. माय दुपारी भाकरी घेऊन यायची, बाई थुंकीनं लोलक पुसायच्या, आणि माय शेजारी बसून गावातल्या भानगडी सांगायची. समुद्राची बडबड न सोसणारी बाई मायची बडबड तास तास ऐकायची.

आता ह्या भिंगाचं पुढं काय व्हायचं होतं ते सांगतो. बेटावरचा मनोरा रिकामा उभा होता. शेजारी लोखंडी खांबावर नवा दिवा लागला होता. कार्यालयापुढं दोन वाटा होत्या. एक, बाईंनी भिंग नीट करून दिलं तर ते परत त्याच मनोऱ्यात चढवायचं, पूर्वीसारखं फिरतं ठेवायचं आणि मनोरा लोकांना बघायला खुला करायचा. दुसरी, समोरच्या किनाऱ्यावरच्या एका बड्या हॉटेलानं ते भिंग शोभेसाठी मागितलं होतं, त्यांना देऊन टाकायचं. बाईंचा जीव पहिल्या वाटेवर होता. "भिंग आपल्या मनोऱ्यात पाहिजे," एवढंच त्या म्हणायच्या, जेवताना, काम करताना, रिक्षात बसताना. "दुसरीकडं ठेवलं तर ते झुंबर झालं."

पण एक अट होती, आणि ती बाईंनीच नोकरीत असताना घालून घेतली होती. उतरवल्यानंतर ज्या भिंगात नवी भेग पडली ते भिंग परत मनोऱ्यात चढवायचं नाही. भिंग फिरतं, थरथरतं. भेगाळलेला लोलक निसटला तर खाली उभ्या माणसाच्या डोक्यात जातो. आणि एक फाक काढून ठेवावी म्हटलं तर तोल जातो, फिरतच नाही. जुन्या भेगा पक्क्या भरलेल्या असतात, त्या चालतात. नवी नाही. कंत्राटदार लोक हयगय करून फोडतात आणि जुनीच होती म्हणतात, म्हणून बाईंनी भांडून भांडून ही अट लावून घेतली होती.

दसऱ्यापर्यंत सात फाका होऊन खोक्यात बसल्या. आठवी तेवढी राहिली. ती माझ्या स्टँडवर, भोवती चारी बाजूंनी शहागंजचं खाकी कापड मच्छरदाणीसारखं लावलेलं, वरून आणखी एक कापड टाकलेलं. खाली तिचं खोकं उघडून, वाळलं गवत पसरून तयार होतं. दुसऱ्या दिवशी बांधायची होती. कार्यालयाकडून मुंबईचे पाटणकर साहेब तपासणीला यायचे होते.

तो दिवस खंडेनवमीचा. आमच्याकडं त्या दिवशी मशीन चालत नाही. शेड झाडायची, पत्रे धुवायचे, लेथ, ड्रिल, वेल्डिंगचा सेट सगळ्याला हळदकुंकू, झेंडूची माळ. ज्याच्यावर पोट चालतं त्याच्या पाया पडायचं. माय सकाळी ताट घेऊन आली. सगळ्या मशिनी झाल्या. मग ती त्या खाकी कापडापाशी उभी राहिली.

"बाई, हिची राहिली."

बाई असलं काही करत नसत. घरात बुद्धाची तसबीर, तिच्यापुढं एक फूल, बास. मला वाटलं आता मायला नाही म्हणतात आणि माय नाराज होते. बाई मायच्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पितळेला लावा. काचेला नको."

त्यांनी आधी शेडची शटरं बंद आहेत का बघितलं. चारी बाजूंचं कापड चाचपलं. मग वरचं कापड स्वतः काढलं, समोरची बाजू मायपुरती उघडली आणि वाकलेल्या मायचा हात पोचावा म्हणून फाक तिच्याकडं तिरकी करून दिली. मायनं चौकटीला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, डोळे मिटून हात जोडले. मी वेल्डिंगच्या सेटपुढं नारळ ठेवत होतो.

मला जळका वास आला. "कोण बिडी ओढायलंय रे आत?" मी ओरडलो. कुणीच ओढत नव्हतं.

आयुष्यभर ज्या बाईनं ऊन अडवलं तिनं त्या दिवशी चारी दिशा बघितल्या आणि वर बघितलं नाही. का बघतील? मनोऱ्याच्या डोक्यावर तांब्याचा घुमट असतो. तिथं ऊन कायम कडेनं येतं, वरनं कधीच येत नाही. आणि आमच्या शेडला उजेडासाठी वर एक फायबरचा पारदर्शक पत्रा असतो, हे साऱ्या एमआयडीसीला माहीत. पावसाळाभर तो पत्रा धुळीनं आणि शेवाळानं काळा होता. पोरांनी सणासाठी तो आदल्या दिवशीच धुतला. आणि आषाढात लेथवर पडणारी त्याची अंधुक तिरीप दसऱ्यापर्यंत सरकत सरकत बरोब्बर स्टँडवर आली होती. माय हात जोडून उभी, फाक तिच्याकडं तोंड करून तिरकी, आणि ऊन तिच्या डोक्यावरनं सरळ काचेत. काचेमागं खाली खोक्यातल्या गवतानं भडका घेतला.

बाईंनी मान वर केली. तो पत्रा बघितला. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी परत कुणाच्या तोंडावर बघितलं नाही, बघायचंही नाही. दुसऱ्या क्षणी त्यांनी मायला ढकलून बाजूला केलं, वरचं कापड फाकेवर टाकलं आणि वाकून पेटलेलं खोकं दोन्ही हातांनी धरून ओढायला लागल्या. नुसत्या हातांनी. माझा एक कारागीर पाण्याची बादली घेऊन धावला.

"पाणी नको. काच तापलीय. रेती टाका."

मी घमेल्यानं रेती ओतली. खोकं बाहेर निघालं, आग विझली. शेडमध्ये धूर कोंडला होता. आणि मग टक्क असा एक आवाज आला. बांगडी वाढल्यासारखा, एवढासाच. खालचा एक लोलक या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकला होता.

बाईंच्या तळहाताची कातडी सुटली होती. मी गाडी काढली तरी त्या बसायला तयार नाहीत. आधी वाकून ती भेग बघितली, मग गाडीत बसल्या. रस्ताभर हात मांडीवर उताणे धरून समोर बघत राहिल्या. माय मात्र मागच्या सीटवर बसून स्वतःच्या तोंडात मारून घेत होती. मी तिचे हात धरले.

पाटणकर साहेब आले तेव्हा बाईंचे दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत. माणूस भला होता, बाईंच्याच हाताखाली शिकलेला. बॅटरी मी धरली. त्यांनी सातही फाका बघितल्या, मान डोलावत राहिले. मग आठवी. बॅटरीचा उजेड त्या भेगेवर थांबला. साहेबांनी आधी बाईंच्या हातांकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा भेगेकडं. गवताचा जळका वास शेडमधून अजून गेला नव्हता.

"ही जुनीच दिसते, मॅडम," ते हळू म्हणाले. "उतरवायच्या आधीच गेली असेल. अशा बऱ्याच आहेत."

बाईंनी फक्त हो म्हणायचं होतं. होसुद्धा नाही, गप्प राहिल्या असत्या तरी भागत होतं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, गप बसा बाई, देवा शपथ गप बसा.

"नाय," बाई म्हणाल्या. "परवाची हाय. माझ्या हातनं झाली."

दारातनं माय पुढं आली. "साहेब, तुमच्या पाया पडते, माझ्यामुळं झालं. मी पूजेला म्हणलं."

"अक्का, तुम्ही मधी बोलू नका. कापड मी काढलं. फाक मी तिरकी केली."

साहेब खाली बसले, अक्षरशः माझ्या लोखंडाच्या ढिगावर बसले. म्हणाले, "मॅडम, तुम्हाला माहितीय ह्याचा अर्थ काय होतो."

"अट मीच घातली व्हती. मला नाय तर कुणाला माहीत असणार?"

साहेब गेल्यावर मी बाईंवर ओरडलो. आजवर त्यांच्यापुढं आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. एवढा पावसाळा घातलात, हात जाळून घेतलेत, आणि एका शब्दापायी सगळं घालवलंत? अहो, फुटक्याच्या जागी आपण फायबरचा लोलक घडवून बसवला असता, कुणाच्या बापाला कळलं नसतं. बाईंनी वर बघितलं, त्या पत्र्याकडं.

"फायबरचाच हाय ना तो बी?" त्या म्हणाल्या.

मीही त्या पत्र्याकडं बघितलं. मग त्या म्हणाल्या, "उत्तम, खाली माणसं उभी राहणार हायत. शाळेची पोरं येतील बघायला. त्यांच्या डोक्यावर माझी चूक फिरवत ठेवू व्हय?"

दिवाळीनंतर हॉटेलाचा ट्रक आला. पट्ट्या बांधलेल्या हातांनी बाई एकेक खोकं कसं उचलायचं ते सांगत उभ्या राहिल्या. ट्रक वळणावरून दिसेनासा झाला, तशी झोळी आणि शेडमधलं खाकी कापड घेऊन रिक्षात बसल्या. मायनं त्या दिवसापासून शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. भाकरी दुसऱ्या कुणाच्या हाती धाडायची.

थंडीत एकदा दुपारचा छावणीवरून चाललो होतो, म्हटलं बाईंना बघावं. घराला कुलूप. आणि खिडक्या उघड्या. पडदेच नाहीत. भर दुपारी त्या घरात लख्ख ऊन पडलेलं, रिकामी कॉट दिसत होती. मी तिथंच पायरीवर बसलो. सुभेदारीणबाईंनी पाणी आणून दिलं आणि म्हणाल्या, अहो, धडधाकट आहेत त्या. पडदे काढून ट्रंकेत भरले अन् निघून गेल्या, कुठं ते सांगितलं नाही.

फोन लावला. बऱ्याच वेळानं उचलला. मागं कसला तरी घोंघावता आवाज.

"बाई, कुठं आहात?"

"भिंगापाशी."

"म्हणजे समुद्रावर? तुम्ही?"

"व्हय. लई बडबड करतो. झोपू देत नाय."

मग कळलं ते असं. हॉटेलवाल्यांनी भिंग आपल्या मोठ्या दालनात मधोमध मांडलं होतं, आणि त्या दालनाची समुद्राकडची आख्खी भिंत काचेची, पश्चिमेला तोंड. बाईंनी हे ऐकलं आणि इथून फोन केला, की दुपारी पडदे ओढा. मॅनेजर म्हणाला, काकू, लोक इथं समुद्र बघायला पैसे देतात. बाईंनी ट्रंक भरली. लोणच्याची डबी चाटत गेल्या. पहिल्या दिवशी तिथल्या वॉचमननं त्यांना बाहेर काढलं. त्या पायरीवर बसून राहिल्या, दुसऱ्या दिवशीही बसल्या. तिसऱ्या प्रहरी आत एका सोफ्यातून धूर निघाला, आणि मॅनेजर स्वतः पळत त्यांना बोलवायला आला. आता मागं नोकरांच्या खोल्यांत त्यांना एक खोली दिली होती.

मी घरी येऊन हे सांगितलं. माय जेवत होती, तिचा घास हातातच राहिला. "त्यांना तर समुद्र सोसत न्हाय," ती म्हणाली. मग ताटावरनं उठली. "मला तिथं ने."

आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलायला लागली होती. मायनं समुद्र जन्मात पहिल्यांदा बघितला, पण तिकडं तिचं लक्ष नव्हतं. लांब बेटावर तो मनोरा दिसत होता, माथा रिकामा. दालनात भिंग उभं होतं, आठही फाका जागेवर, आणि खालच्या लोलकातली भेग मला दारातूनसुद्धा दिसली. खुर्च्यांवर मंडळी चहा पीत बसलेली. काचेच्या भिंतीला एका टोकाला आमचं शहागंजचं खाकी थान बाईंच्या घरच्या पडद्यांना जोडून टांगलेलं, आणि ते ओढत ओढत बाई येत होत्या. कॅनव्हासचे बूट, तीच झोळी. तळहाताची कातडी गुलाबी, आखडलेली, दोरी पुरती मुठीत येत नव्हती म्हणून मनगटाला वेढा देऊन ओढत होत्या.

त्यांनी आम्हाला बघितलं. थांबल्या नाहीत. अर्धी भिंत झाकून झाली तेव्हा मायजवळ आल्या. मायनं चष्मा वर करून डोळ्याला पदर लावला. माझ्याही डोळ्यांत पाणी होतं, लपवत नाही. बाईंनी मनगटाचा वेढा सोडवला आणि दोरी मायच्या हातात दिली.

"ओढा, अक्का. ऊन यायलंय."

मायनं दोरी दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. पडदा सरकत गेला. समुद्र झाकला, बेट झाकलं, मनोरा झाकला. दालनात अंधार झाला तसा मागच्या खुर्चीवरचा एक माणूस वैतागून म्हणाला, "अहो, हे काय? आम्हाला समुद्र बघायचाय."

बाई कापडाची कडा चाचपून बघत होत्या.

"संध्याकाळी या," त्या म्हणाल्या. "तेव्हा उघडते."